लाकडी डेकची स्वच्छता

घराला लागून, जमिनीपासून काहीशा उंचीवर, तुळयांच्या सांगाड्यावर फळ्या ठोकून तयार केलेल्या छप्पर नसलेल्या लाकडी मंचास डेक म्हणतात. ऊन, पाऊस, बर्फ आणि पायांची वर्दळ यांमुळे त्यावर साचलेला मळ, शैवाल, कवके व निर्जीव झालेले लाकडाचे तंतू काढून टाकून लाकूड पुन्हा संरक्षक लेप घेण्यास योग्य करणे, म्हणजे डेकची स्वच्छता होय. हे काम वरवर साधे दिसते. तथापि ते कोणत्या ऋतूत हाती घेतले आणि कोणत्या गतीने पुरे केले, यांवर त्याचे यश अवलंबून असते. घासण्याच्या व धुण्याच्या प्रत्येक क्रियेत लाकडाचाही थोडा अंश निघून जातो. त्यामुळे अवेळी किंवा घाईने केलेली स्वच्छता पुष्कळदा मळापेक्षा अधिक हानिकारक ठरते.

इतिहास : ‘डेक’ हा शब्द आच्छादन या अर्थाच्या डच शब्दावरून आलेला असून तो प्रथम जहाजबांधणीत रूढ झाला. शिडाच्या जहाजांवर डेक धुण्याचे काम रोज पहाटे, ऊन चढण्यापूर्वी होत असे. फळ्यांवर समुद्राचे पाणी व वाळू टाकून त्या मऊ वालुकाश्माच्या दगडांनी घासल्या जात. हे काम खलाशांना गुडघे टेकून करावे लागे. या दगडास ‘होलीस्टोन’ म्हणत. पहाटेची वेळ निवडण्यामागे शिस्तीबरोबरच व्यवहारही होता. फळ्यांमधील सांधे जुन्या दोरांचे तंतू व डांबर भरून बुजविलेले असत. उष्ण कटिबंधात उन्हाने फळ्या आकसत, सांधे उघडत आणि डांबर मऊ होई. वारंवार पाणी शिंपडल्याने फळ्या फुगलेल्या राहत व सांधे मिटत. गोड्या पाण्यापेक्षा खारे पाणी पसंत केले जाई, कारण लाकूड कुजविणाऱ्या कवकांच्या वाढीस मिठामुळे अडथळा होतो. मात्र नित्य दगडाने घासल्यामुळे फळ्या झिजत. डेक बदलण्याचा खर्च परवडेनासा झाल्याने अमेरिकेच्या नौदलाने १९३१ मध्ये या दगडाच्या वापरावर निर्बंध घातले. स्वच्छतेचीही एक झीज असते आणि ती हिशेबात धरली पाहिजे, ही गोष्ट या निर्णयाने अधिकृतपणे मान्य झाली.

जहाजांसाठी सागाचे लाकूड सर्वोत्तम मानले जाई. त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते पाण्यात टिकते व त्यातील लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधलेली सागवानी जहाजे या गुणामुळे नावाजली गेली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेले आहे.

घराच्या अंगणातील डेकचा प्रसार मुख्यत्वे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांच्या उपनगरांत झाला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्येही डेक सर्रास आढळतात. या डेकसाठी पाइन, रेडवुड व तांबडा सीडार यांसारखी मऊ लाकडे अधिक वापरली जातात. सागाच्या मानाने ही लाकडे घासण्याचा मारा फार कमी सहन करतात. शिवाय जहाजावर रोज हाताशी असलेल्या खलाशांच्या ऐवजी येथे घरमालक वर्षातील एखाददुसराच दिवस या कामास देतो. त्यामुळे योग्य दिवसाची निवड हा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरला.

लाकडावरील परिणाम : सूर्यप्रकाशातील जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील, डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांमुळे लाकडातील तंतूंना एकत्र बांधून ठेवणाऱ्या लिग्निन या द्रव्याचे विघटन होते. पावसाने हे विघटित द्रव्य धुपून जाते व पृष्ठभागावर सुटे, फिकट तंतू उरतात. त्यांवर करडी व काळी कवके वाढल्याने उघड्यावरील जुने लाकूड राखाडी दिसते. ही धूप अतिशय मंद असते. उभ्या बसविलेल्या मऊ लाकडाचा सु. ६ मिमी. जाडीचा थर झिजण्यास सु. शंभर वर्षे लागतात. याउलट, फार जवळून सोडलेला जोरदार पाण्याचा झोत मऊ लाकडात तेवढ्या खोलीचा चर काही क्षणांत पाडू शकतो. प्रत्येक वार्षिक वलयात वसंत ऋतूत वाढलेला भाग मऊ व त्यानंतर वाढलेला भाग कठीण असतो. जोराने धुतल्यास मऊ भाग निघून जातो, कठीण भाग कंगोऱ्यांसारखा वर राहतो आणि त्या खाचांत पुढचा मळ व पाणी अधिक साचते.

लाकडाचा जलांश सु. ३० टक्क्यांपर्यंत वाढला की त्याच्या कोशिकाभित्ती पूर्ण संपृक्त होतात. लाकूड कुजविणाऱ्या कवकांच्या वाढीस अशी ओल पोषक असते. जलांश २० टक्क्यांहून कमी राहिल्यास ती सहसा वाढत नाहीत. म्हणून फळ्यांमधील फटी मोकळ्या ठेवून पाणी निथळू देणे हा स्वच्छतेचा पहिला हेतू असून रंगरूप सुधारणे हा दुसरा आहे. फटींत अडकलेली पाने व माती ओल धरून ठेवतात आणि कुजण्यास बहुधा तेथूनच, म्हणजे फळी व तुळई यांच्या सांध्यापासून, प्रारंभ होतो.

स्वच्छतेची आवश्यकता ठरविणे : डेक वर्षातून किती वेळा धुवावा याचा सर्वत्र लागू पडणारा नियम नाही. साधी कसोटी अशी की, फळीवर पाण्याचे काही थेंब टाकावेत. ते मण्यांसारखे वर उभे राहिले, तर लेप शाबूत आहे असे समजावे. अशा वेळी झाडणे, फटी मोकळ्या करणे व सौम्य साबणाच्या पाण्याने पुसणे एवढे पुरते. थेंब काही मिनिटांत शोषले गेले, तर लेप संपला असून संपूर्ण स्वच्छता व नवा लेप यांची गरज आहे, असे ठरते. झाडण्याचे काम मात्र बारमाही आहे. विशेषतः शरद ऋतूत गळणारी पाने ओली राहिल्यास त्यांतील टॅनिनचे तपकिरी डाग लाकडावर उमटतात.

ऋतूची निवड : संपूर्ण स्वच्छता म्हणजे धुणे, वाळविणे व लेप देणे या तीन क्रियांची साखळी होय. धुण्यास एक दिवस, वाळण्यास साधारणपणे दोन दिवस, लेपास एक दिवस आणि लेप पक्का होण्यास आणखी एक कोरडा दिवस धरला, तर ओळीने चार ते पाच दिवस पाऊस नसलेला काळ लागतो. लेपाच्या वेळी हवेचे व लाकडाचे तापमान साधारणतः १०° ते ३२° से. यांदरम्यान असावे. तापमान याहून कमी असल्यास लेप नीट सुकत नाही. अधिक असल्यास तो लाकडात मुरण्यापूर्वीच वरच्या वर सुकतो. उन्हात तापलेल्या फळीचे तापमान हवेपेक्षा बरेच अधिक असते, हेही लक्षात घ्यावे लागते.

या अटी प्रदेशपरत्वे वेगवेगळ्या महिन्यांत पुऱ्या होतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात व पंच सरोवरांच्या परिसरात मे-जून आणि सप्टेंबर हे काळ सोयीचे असतात. वसंतात ओक व पाइन यांचे पराग पिवळ्या थरासारखे पसरतात. ते पडून संपण्यापूर्वी लेप दिल्यास पराग त्यात चिकटतात, म्हणून तेवढा काळ थांबणे हिताचे असते. वायव्य किनाऱ्यावरील ऑरेगन, वॉशिंग्टन व ब्रिटिश कोलंबिया येथे हिवाळाभर पाऊस पडून डेकवर शैवाल व शेवाळी वाढते. तेथे वसंताच्या अखेरीस धुणे व कोरड्या उन्हाळ्यात लेप देणे योग्य ठरते. मेक्सिको आखातालगतच्या दक्षिणेकडील राज्यांत उन्हाळा दमट व वादळी पावसाचा असल्याने वसंताचा आरंभ किंवा शरदाचा उत्तरार्ध निवडतात. दक्षिण गोलार्धातील ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ऋतू उलट असल्याने हेच महिने सहा महिन्यांनी पुढे सरकतात.

उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने यातील एक भेद उल्लेखनीय आहे. घराची मोठी साफसफाई दिवाळीच्या तोंडावर करण्याची महाराष्ट्रातील रीत पावसाळा सरून हवा कोरडी होण्याशी जुळणारी आहे. परंतु पंच सरोवरांच्या परिसरात त्या सुमारास रात्री पारा गोठणबिंदूजवळ येतो व ओले लाकूड वाळत नाही. तेथे डेकचे काम गणेशोत्सवाच्या आसपासच उरकावे लागते.

कामाची गती : या कामास कमाल व किमान अशा दोन्ही कालमर्यादा आहेत आणि त्या दोन पातळ्यांवर लागू पडतात. पहिली पातळी मिनिटांची होय. शोधक द्रव फळीवर साधारणपणे दहा ते पंधरा मिनिटे ओला राहिला पाहिजे. त्याआधी धुतल्यास मळ सुटत नाही. द्रव फळीवरच सुकल्यास त्याचे पांढरट डाग पडतात व लाकूड असमान रंगाचे होते. म्हणून सबंध डेकवर एकदम द्रव ओतणे ही नेहमी होणारी चूक टाळून काम पट्ट्यापट्ट्यांनी करावे लागते.

उदा., ५ मी. लांब व ४ मी. रुंद डेकवर लांबीच्या दिशेने १४ सेंमी. रुंदीच्या फळ्या ५ मिमी. फटी ठेवून बसविल्या असतील, तर सु. २८ फळ्या होतात. एका वेळी चार फळ्या घेतल्यास सात पट्टे पडतात व प्रत्येक पट्टा सु. ३ चौ. मी. चा होतो. पट्टा भिजवून द्रव लावणे, थांबणे, घासणे व धुणे यांस मिळून अर्धा तास धरल्यास एका व्यक्तीचे काम साडेतीन तासांत पुरे होते. सकाळी आठला आरंभ केल्यास ते ऊन तापण्याच्या सुमारास संपते. मदतीस दुसरी व्यक्ती असल्यास पट्टा रुंद करण्याऐवजी एकाने घासावे व दुसऱ्याने मागोमाग धुवावे, हे अधिक सुरक्षित असते. प्रत्येक पट्टा फळीच्या पूर्ण लांबीचा घ्यावा. मध्येच थांबल्यास सांध्याची रेषा उमटते. कठडे प्रथम धुवून नंतर तळ घ्यावा आणि घराच्या भिंतीकडून पायऱ्यांकडे यावे, म्हणजे धुतलेल्या भागावर पुन्हा पाय पडत नाहीत. घराच्या पश्चिमेस असलेल्या डेकवर सकाळी व पूर्वेस असलेल्या डेकवर दुपारनंतर घराची सावली पडते. त्याप्रमाणे वेळ ठरवितात. ढगाळ पण कोरडा दिवस सर्वांत चांगला.

दुसरी पातळी दिवसांची होय. धुतलेल्या लाकडावर लेप देण्यापूर्वी त्याचा जलांश सु. १५ टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. दोन टोकदार पिना लाकडात रोवून विद्युत्‌रोधावरून जलांश दाखविणारे छोटे उपकरण यासाठी मिळते. कोरड्या हवेत एक ते दोन दिवस पुरतात. दमट हवेत याहून अधिक लागतात. मात्र वाट पाहण्यासही सीमा आहे. मॅडिसन (विस्कॉन्सिन) येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी या १९१० मध्ये स्थापन झालेल्या शासकीय संस्थेतील संशोधनावरून असे दिसून आले की, उघडे लाकूड काही आठवडे उन्हात राहिल्यास त्यावर रंगलेपाची पकड लक्षणीय प्रमाणात कमी होते. त्यामुळे धुतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लेप द्यावा, असे सांगितले जाते. लेपाची सवड नसताना केवळ हौसेने केलेली संपूर्ण धुलाई लाकडाचा ताजा पृष्ठभाग उन्हास उघडा करते; त्यापेक्षा ती पुढच्या ऋतूपर्यंत लांबणीवर टाकणे अधिक शहाणपणाचे असते. लेपाच्या दिवशी सकाळचे दव वाळल्यावर आरंभ करावा आणि सायंकाळचे दव पडण्यापूर्वी लेप पुरेसा सुकेल अशा बेताने काम थांबवावे.

साधने व रसायने : साध्या कामास ताठ केसांचा कृत्रिम तंतूंचा कुंचला, फटी मोकळ्या करण्यासाठी पातळ पट्टी व बागेची रबरी नळी पुरेशी होतात. तारेचा कुंचला वापरू नये. त्याचे तुटलेले लोखंडी कण टॅनिनयुक्त लाकडात काळे डाग पाडतात. घराच्या डेकवर फळीच्या लांबीच्या दिशेने घासतात, तर नौकांवरील सागाचा डेक मऊ कुंचल्याने रेषांच्या आडव्या दिशेने घासतात, कारण त्यामुळे वलयांतील मऊ भाग खरवडून निघत नाही. उच्च दाबाच्या पंपाने वेळ वाचतो. परंतु मऊ लाकडासाठी दाब दर चौ. सेंमी. ला सु. ३५ ते ४० किग्रॅ. यापेक्षा वाढवू नये, तोटी पंख्यासारखा पसरट झोत देणारी असावी, ती फळीपासून सु. ३० सेंमी. दूर धरावी आणि एका जागी थांबवू नये.

शोधकांपैकी सोडियम परकार्बोनेट विशेष वापरात आहे. पाण्यात विरघळल्यावर त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड व सोडियम कार्बोनेट निर्माण होतात. पहिल्याने कवके व शैवाले यांचा नाश होतो, तर दुसऱ्याने तेलकट मळ सुटतो. हा विद्राव काही तासांत निर्बल होतो. म्हणून लागेल तेवढाच तयार करावा. धुलाईनंतर लाकूड गडद दिसल्यास ऑक्झॅलिक अम्लाचा सौम्य विद्राव लावतात. त्याने क्षारीय अवशेषांचे उदासिनीकरण होते व लोह-टॅनिनाचे काळे डाग निघतात. हे अम्ल विषारी असल्याने हातमोजे व चष्मा आवश्यक असतात. सोडियम हायपोक्लोराइटाने रंग उजळतो, पण त्याने तंतूंची हानी होते व खिळे गंजतात. ते अम्ल किंवा अमोनिया यांच्यात मिसळल्यास विषारी वायू बाहेर पडतात. म्हणून असे मिश्रण कधीही करू नये. लगतची झाडे आधी व नंतर भरपूर पाण्याने भिजवावीत.

जुन्या डेकच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. सोंती कामेशन् या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे एक परिणामकारक लाकूड-परिरक्षक शोधून काढले. पुढे जगभर आणि विशेषतः अमेरिकेतील डेकमध्ये त्याचा मोठा वापर झाला. आर्सेनिकाच्या धोक्यामुळे तेथे घरगुती बांधकामासाठी त्याचे उत्पादन २००३ च्या अखेरीस थांबविण्यात आले. त्याआधी बांधलेले अनेक डेक अद्याप वापरात आहेत. अशा डेकवर तीव्र रसायने, काचकागद व पाण्याचा जोरदार झोत टाळून केवळ साबणाचे पाणी व मऊ कुंचला वापरावा. त्यातील निकामी फळ्या जाळू नयेत.

तपासणी : लाकूड स्वच्छ झाल्यावर त्यातील दोष प्रथमच स्पष्ट दिसतात, म्हणून वाळण्याच्या दोन दिवसांत तपासणी उरकणे सोयीचे असते. डेक घराच्या भिंतीस जोडणारी आडवी तुळई, तिचे बोल्ट, कठड्यांचे खांब व पायऱ्या यांकडे विशेष लक्ष द्यावे. टोकदार हत्यार सहज रुतत असेल, तर लाकूड आतून कुजले आहे असे समजावे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १६ जून २०१५ रोजी एक लाकडी सज्जा कोसळून सहा जण मृत्युमुखी पडले. आत झिरपलेल्या पाण्याने त्याच्या तुळया कुजल्या होत्या. त्यानंतर २०१८ मध्ये त्या राज्याने तीन वा अधिक बिऱ्हाडे असलेल्या इमारतींतील उंचावरील लाकडी सज्जे, डेक इत्यादींची नियमित तपासणी कायद्याने बंधनकारक केली. वरून रंगविलेले लाकूड आतून ओले राहिल्यास लेप संरक्षण करण्याऐवजी दोष झाकून ठेवतो. वाळविण्याच्या काळात घाई न करण्याचे हे दुसरे आणि अधिक गंभीर कारण होय.

मोसमी हवामानातील उपयोजन : कोकण, गोवा व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर लाकडी ओसऱ्या, सज्जे व अलीकडे निवासस्थळांतील डेक यांना वरील तत्त्वे ऋतुमान ध्यानात घेऊन लागू करता येतात. जून ते सप्टेंबर या काळात लाकूड वाळत नाही. त्या वेळी निसरडे शैवाल कुंचल्याने काढणे व फटी मोकळ्या ठेवणे एवढेच करावे. पाऊस पूर्ण ओसरल्यानंतर, ऑक्टोबरचा उत्तरार्ध व नोव्हेंबर हा संपूर्ण स्वच्छतेचा व लेपाचा मुख्य काळ ठरतो. ऑक्टोबरचे ऊन कडक असल्याने धुण्याचे काम सकाळी करावे. पुढे थंडीत दव पडू लागल्यावर लेपाचे काम दव वाळल्यानंतर सुरू करावे. एप्रिल-मेमध्ये थेंबांच्या कसोटीने लेप तपासून, जेथे तो विरला असेल तेथेच सकाळच्या सावलीत दुरुस्ती केली, तर लाकूड पावसाळ्यास सज्ज होते. सागाच्या मध्यकाष्ठास (खोडाच्या गाभ्यातील जुन्या लाकडास) या सर्वांची गरज कमी भासते. रसकाष्ठ (सालीलगतचे फिकट लाकूड) मात्र सागाचे असले तरी लवकर कुजते.

सारांश, डेकच्या स्वच्छतेची वेळ दिनदर्शिकेवरून ठरविण्यापेक्षा लाकडातील जलांश, उन्हाची तीव्रता व पुढील चार-पाच दिवसांचे हवामान यांवरून ठरविणे योग्य असते. एका वेळी ओला ठेवून धुता येईल एवढाच भाग घेणे, लाकूड पुरते वाळू देणे आणि वाळल्यावर ते फार काळ उघडे न ठेवणे, ही तीन पथ्ये पाळल्यास कमीत कमी झीज होऊन डेक दीर्घकाळ टिकतो.